वराहाच्या रक्तात जिवाणूंचा निभाव

रोगकारक जिवाणू शरीरात शिरतो कोठून, या प्रश्नाकडे जेवढे लक्ष दिले जाते, तेवढे शिरल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत त्याचे काय होते, या प्रश्नाकडे दिले जात नाही. निरोगी प्राण्याचे रक्त निर्जंतुक असते हे विधान प्रयोगशाळेच्या व्यवहारापुरते खरे असले, तरी त्यावरून जिवाणू रक्तात शिरतच नाहीत असे मानणे चुकीचे ठरते. डुकराच्या पिल्लाचे दात खुडताना, शेपूट छाटताना, खच्चीकरण करताना, आणि एरवीही टॉन्सिलच्या खाचांमधून अधूनमधून, काही जिवाणू रक्तात उतरतातच. त्यांपैकी बहुसंख्य थोड्याच वेळात नाहीसे केले जातात. अशा शिरकावाला जिवाणुरक्तता म्हणतात. जिवाणू नाहीसे होण्याऐवजी वाढू लागले, आणि त्यांच्या विषांमुळे व त्यांच्याविरुद्ध उठलेल्या दाहामुळे अवयव निकामी होऊ लागले, की त्या अवस्थेला सेप्टिसीमिया हे नाव दिले जाते. या दोन अवस्थांमधील अंतर पुष्कळदा एका दिवसाहूनही कमी असते, आणि त्या अंतरात जिवाणू कसा तगतो हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

केवळ अन्नाचा हिशेब केला तर रक्त हे जिवाणूंना मानवणारे माध्यम आहे. त्यात ग्लुकोज आहे, अमिनो आम्ले आहेत, क्षार आहेत, आणि डुकराच्या बाबतीत सुमारे ३९ अंश सेल्सिअसची स्थिर ऊब आहे. प्रयोगशाळेत नाजूक जिवाणू वाढवायचे असले की आगरमध्ये मेंढीचे रक्त मिसळले जाते, ते याच कारणाने. असे असूनही वाहत्या रक्तात फार थोड्या जिवाणूंचा निभाव लागतो. ज्यांचा लागतो त्यांच्याविषयी गेल्या तीन-चार दशकांत जे कळले आहे, त्यावरून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते: ‘रक्त’ या सर्वसाधारण पदार्थात तगण्याची कला जिवाणूपाशी नसते, तो विशिष्ट प्राण्याच्या, विशिष्ट वयाच्या आणि विशिष्ट आजारी वा निरोगी स्थितीतील रक्तात काही तास काढण्याची सोय करून ठेवतो. ही गोष्ट पुढील विवेचनात वारंवार येईल, कारण ती नजरेआड झाल्यामुळे उंदरांवरील प्रयोगांवरून डुकरांविषयी काढलेली अनेक अनुमाने लंगडी पडली आहेत.

या विवेचनासाठी मुख्यतः स्ट्रेप्टोकॉकस सुइस हा जिवाणू घेतला आहे. साखळीत राहणारा हा गोलाणू नेदरलँड्समध्ये १९५१ मध्ये आणि इंग्लंडमध्ये १९५४ मध्ये डुकरांच्या पिल्लांतील रोगाच्या संदर्भात वर्णिला गेला. त्याच्या बाहेरील शर्करायुक्त आवरणाच्या रचनेवरून त्याचे अनेक प्रकार पाडले जातात. आरंभी त्यांची संख्या ३५ मानली जात असे, पुढे काही प्रकार वेगळ्या जातींत गेल्यामुळे ती २९ वर आली. त्यांपैकी प्रकार २ हा सर्वाधिक अभ्यासला गेलेला आणि माणसालाही बाधणारा आहे. जवळजवळ प्रत्येक कळपातील डुकरांच्या टॉन्सिलमध्ये या जातीचा कोणता ना कोणता प्रकार मुक्काम करून असतो आणि बहुतेकांना त्याचा काहीही उपद्रव होत नाही. उपद्रव होतो तो प्रामुख्याने पाच ते दहा आठवड्यांच्या, नुकतेच आईपासून तोडलेल्या पिल्लांना: ताप, लंगडेपणा, तोल जाणे, आडवे पडून पाय झाडणे, आणि कधी कोणतेही लक्षण दिसण्याआधीच मृत्यू. मेंदूच्या आवरणांचा दाह, सांध्यांचा दाह आणि हृदयाच्या झडपांवरील गाठी ही सारी रूपे जिवाणू रक्तात तगल्याची फळे आहेत. टॉन्सिलपासून मेंदूपर्यंतचा त्याचा नेहमीचा रस्ता रक्तातून जातो.

त्या रस्त्यावर पहारा कोणाकोणाचा असतो हे आधी पाहावे लागते. रक्तद्रवात प्रतिपिंडे असतात, म्हणजे परकी वस्तू ओळखून तिला चिकटणारी प्रथिने. त्यांच्या जोडीला पूरक प्रथिनांची मालिका असते, जी एकामागून एक कार्यान्वित होऊन जिवाणूच्या पृष्ठभागावर थर चढवते. पातळ कोशभित्तिकेच्या ग्रॅम-ऋण जिवाणूंना ही मालिका थेट भोके पाडून मारू शकते. स्ट्रेप्टोकॉकससारख्या ग्रॅम-धन जिवाणूची भित्तिका जाड असल्यामुळे तेथे भोक पडत नाही. तेथे पूरक प्रथिनांचे काम जिवाणूवर खूण करण्याचे असते, आणि ती खूण पाहून न्यूट्रोफिल व अन्य भक्षक पेशी त्याला गिळतात. या फिरत्या पेशींखेरीज काही भक्षक पेशी एका जागी ठाण मांडून बसलेल्या असतात आणि समोरून वाहणाऱ्या रक्तातून जिवाणू उचलतात. त्यांना महाभक्षक पेशी म्हणतात. माणसात आणि उंदरात अशा पेशींचे मोठे ठाणे यकृतात व प्लीहेत असते. डुकरात मात्र फुप्फुसातील केशवाहिन्यांच्या आतल्या भिंतीला चिकटलेल्या महाभक्षक पेशींची एक स्वतंत्र, मोठी फौज असते. गाय, मेंढी, बकरी, घोडा आणि मांजर यांच्यातही ती आढळते. माणसाच्या, उंदराच्या वा सशाच्या फुप्फुसात सामान्य स्थितीत ती आढळत नाही. डुकराच्या शिरेत टोचलेले कण किंवा जिवाणू मोठ्या प्रमाणात फुप्फुसात अडकतात, ते या फौजेमुळे.

या एका शरीररचनेच्या फरकाचे परिणाम दूरवर पोचतात. उंदराच्या शिरेत जिवाणू टोचून तो किती वेगाने नाहीसा होतो हे मोजणारा संशोधक वस्तुतः यकृत आणि प्लीहा यांची कार्यक्षमता मोजत असतो. तोच जिवाणू डुकरात गेला तर त्याची पहिली गाठ फुप्फुसात पडते. शिवाय ही फौज जन्मजात पूर्ण नसते. नवजात पिल्लाच्या फुप्फुसवाहिन्यांत अशा पेशी फार थोड्या असतात, आणि जन्मानंतरच्या आठवड्यांत रक्तातील मोनोसाइट पेशी तेथे स्थिरावून त्यांची संख्या वाढवतात, हे १९८० च्या दशकातील सूक्ष्मदर्शी अभ्यासांनी दाखवून दिले आहे. पिल्लाचे वय जिवाणूच्या हिताचे किंवा अहिताचे का ठरते, त्याचे एक कारण येथे सापडते. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण चिकाशी निगडित आहे. त्याकडे थोड्या वेळाने वळू.

जिवाणूच्या बाजूने पाहता पहिले साधन म्हणजे संपुट. भित्तिकेच्या बाहेर बहुशर्करेचा, म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्यांचा, पाण्याने फुगलेला जो थर असतो त्याला संपुट म्हणतात. अंगाला तेल चोपडून घरात शिरणाऱ्या चोरासारखी जिवाणूची स्थिती त्यामुळे होते: भक्षक पेशीचा हात लागतो, पण पकड बसत नाही. खालच्या भित्तिकेवर पूरक प्रथिनांची खूण उमटली, तरी ती संपुटाच्या जाडीखाली दबून राहते आणि भक्षक पेशीच्या ग्राहकांपर्यंत पोचत नाही. नेदरलँड्समधील लेलिस्टाट येथील संशोधकांनी १९९९ मध्ये प्रकार २ च्या जिवाणूतील संपुट घडवणारी जनुके निकामी करून पाहिली, तेव्हा तो उघडा पडलेला जिवाणू डुकराच्या महाभक्षक पेशींनी सहज गिळला आणि प्रयोगातील पिल्लांना त्याने रोग केला नाही.

प्रकार २ च्या संपुटात सियालिक आम्ल असते. हे आम्ल प्राण्यांच्या स्वतःच्या पेशींच्या पृष्ठभागावरही विपुल असते आणि ‘ही पेशी आपली आहे’ हे ओळखण्यात त्याचा वाटा असतो. त्यामुळे जिवाणू यजमानाचे ओळखचिन्ह अंगावर मिरवून सुटतो, असे स्पष्टीकरण फार लवकर रूढ झाले. ते आकर्षक आहे. परंतु ते तपासणे दिसते तितके सोपे नाही, कारण सियालिक आम्ल जोडणारे जनुक काढले की जिवाणू संपूर्ण संपुटच घडवू शकत नाही, आणि मग बचाव ढळला तो आम्ल गेल्यामुळे की संपुट गेल्यामुळे, हे वेगळे करता येत नाही. सियालिक आम्लाचा अंश नसलेले संपुट धारण करणारे प्रकारही डुकरांना मारतात, हेही विसरता येत नाही. संपुटाची जाडी आणि तिचा निसरडेपणा यांना श्रेय देणे आज अधिक सुरक्षित आहे.

संपुटाची एक अडचण अशी की जे रक्तात उपयोगी पडते ते रक्ताबाहेर आड येते. टॉन्सिलच्या अस्तराला चिकटायचे तर जिवाणूच्या भित्तिकेवरील चिकट प्रथिने उघडी असावी लागतात, आणि जाड संपुट ती झाकून टाकते. म्हणून जिवाणू संपुटाचे उत्पादन परिस्थितीनुसार कमीजास्त करतो, आणि साखरेच्या उपलब्धतेवर लक्ष ठेवणारी त्याची नियंत्रक प्रथिने या कमीजास्तीत भाग घेतात. याहून बोलके उदाहरण जपानमधील आहे. हृदयाच्या झडपांवर गाठी झालेल्या डुकरांतून वेगळ्या केलेल्या स्ट्रेप्टोकॉकस सुइसच्या वाणांत संपुट कायमचे गमावलेले वाण लक्षणीय प्रमाणात आढळल्याचे तेथील संशोधकांनी २०११ मध्ये नोंदवले. झडपेवर एकदा बूड टेकले की फायब्रिनच्या जाळ्याखाली आसरा मिळतो, आणि चिकटून राहणे हे निसटण्यापेक्षा किफायतशीर ठरते. एकाच डुकराच्या एकाच रक्ताभिसरणात प्रवासाचे आणि मुक्कामाचे नियम असे परस्परविरुद्ध आहेत.

पूरक प्रथिनांना थोपवण्याची जिवाणूची रीत यजमानाच्याच एका व्यवस्थेवर बेतलेली आहे. ही मालिका स्वतःच्या पेशींवर उलटू नये म्हणून रक्तद्रवात घटक-एच नावाचे एक नियंत्रक प्रथिन असते, जे जेथे बसते तेथे मालिकेला लगाम घालते. स्ट्रेप्टोकॉकस सुइसच्या पृष्ठभागावरील काही प्रथिने हे घटक-एच पकडून ठेवतात. असे पकडणारे एक प्रथिन काढून टाकले तरी उरलेली प्रथिने काम चालवून नेतात, त्यामुळे अमुक एक रेणू म्हणजे रोगकारकतेचे मूळ, असे म्हणण्याची सोय राहत नाही. या क्षेत्रातील लेखनात ‘रोगकारकतेचा घटक’ ही उपाधी फार सढळ हाताने वाटली गेली आहे. सुइलायसिन हे पेशींच्या पटलांना भोके पाडणारे विष त्याचे ठळक उदाहरण होय: युरोप आणि आशियातील अनेक घातक वाणांत ते आहे, उत्तर अमेरिकेतील कित्येक वाणांत ते मुळीच नाही, आणि तरीही ते वाण डुकरांना आजारी पाडतात.

आता चिकाकडे. डुकराच्या गर्भवेष्टनाची रचना अशी आहे की आईच्या रक्तातील प्रतिपिंडे गर्भात जाऊ शकत नाहीत. माणसाच्या अर्भकाला जन्मतः जी शिदोरी मिळते ती पिल्लाला मिळत नाही. ते जवळजवळ प्रतिपिंडांशिवाय जन्मते आणि पहिल्या दिवसात प्यायलेल्या चिकातून ती मिळवते, कारण त्यानंतर आतड्याचे अस्तर एवढी मोठी प्रथिने अखंड आत घेण्याचे थांबवते. चिकातून आलेला हा साठा पुढे आठवड्यागणिक ओसरत जातो आणि पिल्लाची स्वतःची प्रतिपिंडे सावकाश वर येतात. या दोन रेषा जेथे खाली भेटतात तो काळ साधारणतः आईपासून तोडण्याच्या सुमारास आणि त्यानंतर काही आठवडे असतो. स्वतःची म्हणून जी प्रतिपिंडे पिल्लू प्रथम तयार करते ती एम या वर्गाची असतात. हा रेणू पाच एकके जुळून झालेला, थोराड असतो आणि जिवाणूच्या अंगावर बसलेला असा एकच रेणू पूरक मालिका सुरू करण्यास पुरेसा असतो. दुसरा वर्ग, जी, अधिक परिपक्व प्रतिसादात येतो.

स्ट्रेप्टोकॉकस सुइस नेमका या एम वर्गावर घाव घालतो. जर्मन संशोधकांनी २०१३ मध्ये या जिवाणूचे एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, वर्णिले. ते एम वर्गाच्या प्रतिपिंडाचे दोन तुकडे करते, जी वर्गाला हात लावत नाही, आणि इतर ज्या प्राण्यांची एम प्रतिपिंडे त्याच्यासमोर ठेवून पाहिली त्यांपैकी कोणाचीही कापत नाही, फक्त डुकराची कापते. तुकडा पडला की प्रतिपिंडाचे पकडणारे टोक जिवाणूवर राहते आणि पूरक प्रथिनांना बोलावणारा भाग वेगळा होतो. स्वीडनमधील उमिओ येथील गटाने २०१६ मध्ये याच जिवाणूचे आणखी एक विकर दाखवले, जे डुकराच्या जी वर्गाचे प्रतिपिंड तोडते. ज्या विकराचे भक्ष्यच उंदराच्या रक्तात नाही त्याचे महत्त्व उंदरात अजमावता येणार नाही, हे उघड आहे; आणि एवढी काटेकोर निवड एखाद्या जिवाणूत घडून यावी, यावरून त्याचा डुकराशी असलेला सहवास किती जुना असेल याची कल्पना येते.

उरलेल्या साधनांचा परामर्श थोडक्यात घेता येईल. न्यूट्रोफिल पेशी मरताना आपल्या केंद्रकातील डीएनए बाहेर फेकून त्याचे चिकट जाळे विणतात, हे २००४ मध्ये बर्लिनमधील संशोधकांनी प्रथम दाखवले. स्ट्रेप्टोकॉकस सुइसपाशी हे डीएनए तोडणारी दोन विकरे असल्याचे पुढे हॅनोव्हर येथील कामातून स्पष्ट झाले. लोहाचा प्रश्न अधिक रंजक आहे. रक्तद्रवात मोकळे लोह जवळजवळ नसते, ट्रान्स्फेरिन हे प्रथिन ते घट्ट धरून ठेवते, आणि बहुतेक जिवाणूंची वाढ त्यामुळे अडते. स्ट्रेप्टोकॉकस सुइस लोहाची गरजच फारशी ठेवत नाही आणि मँगॅनीजवर भागवतो. याउलट डुकरांत प्राणघातक न्यूमोनिया करणारा ॲक्टिनोबॅसिलस प्ल्युरोन्यूमोनिए आणि हृदयावरण, फुप्फुसावरण व सांधे यांचा दाह करणारा ग्लेसरेला पॅरासुइस हे दोन्ही जिवाणू ट्रान्स्फेरिनला थेट पकडून त्यातील लोह ओरबाडतात. त्यांचे ग्राहक डुकराचेच ट्रान्स्फेरिन ओळखतात, माणसाचे किंवा गायीचे नव्हे. ॲक्टिनोबॅसिलसच्या बाबतीत कॅनडातील कॅलगरी येथील ॲन्थनी श्रायव्हर्स यांच्या गटाने हे १९९० मध्ये दाखवले. हे दोघेही ग्रॅम-ऋण असल्यामुळे पूरक प्रथिनांनी भोक पडण्याचा धोका त्यांना खराखुरा असतो, आणि ग्लेसरेलाच्या बाबतीत नाकात निरुपद्रवी राहणारे वाण रक्तरसात मरतात, तर रोग करणारे वाण बहुधा त्यात टिकतात, असा फरक आढळला आहे.

भक्षक पेशीला टाळण्याऐवजी तिचाच वाहन म्हणून उपयोग करण्याची कल्पनाही मांडली गेली आहे. इंग्लंडमधील विल्यम्स आणि ब्लेकमोर यांनी १९९० च्या सुमारास असे सुचवले की स्ट्रेप्टोकॉकस सुइस मोनोसाइट पेशींच्या पोटात बसून मेंदूपर्यंत जातो. मेंदूशी संबंधित रक्तवाहिन्यांचे अस्तर परक्या वस्तूंना सहजी आत सोडत नाही, त्यामुळे पेशीच्या पोटातून जाण्याची ही वाट पटण्यासारखी होती. पुढील अभ्यासांत मात्र रक्तातील बहुसंख्य जिवाणू मोकळे किंवा पेशींच्या बाहेरून चिकटलेले आढळले, आणि माँट्रियल विद्यापीठातील मार्सेलो गॉट्शाल्क व मारिएला सेगुरा यांनी मूळ कल्पनेला त्याप्रमाणे मुरड घातली. संपुट असलेला जिवाणू मुळात गिळला जात नाही, तर तो पोटात बसून प्रवास कसा करणार, ही शंका रास्तच होती.

पेशीच्या पोटात खरोखर तगणारा जिवाणू पाहायचा तर डुकरांतील एरिसिपेलस या रोगाच्या एरिसिपेलोथ्रिक्स रुझिओपॅथिए या दंडाणूकडे वळावे लागते. त्याचा इतिहास जिवाणुशास्त्राच्या आरंभाशी भिडलेला आहे. १८८२ मध्ये लुई पाश्चर आणि त्यांचे तरुण सहकारी लुई त्युइये यांनी दक्षिण फ्रान्समधील व्होक्ल्यूज विभागात या रोगाचा अभ्यास केला, आणि हा जिवाणू कबुतरांतून पुनःपुन्हा नेला की डुकरांना अधिक जाचक होतो, सशांतून नेला की सशांना अधिक जाचक पण डुकरांना सौम्य होतो, असे त्यांना आढळले. सशांमार्गे सौम्य झालेला हाच वाण लस म्हणून वापरला गेला. त्युइये पुढच्याच वर्षी कॉलऱ्याच्या अभ्यासासाठी अलेक्झांड्रियाला गेले आणि तेथे त्याच रोगाने वारले. या दंडाणूलाही संपुट आहे; १९९४ मध्ये जपानी संशोधकांनी संपुटहीन वाण तयार केला, तेव्हा त्याची रोगकारकता गेली. परंतु संपुट असलेला वाण विशिष्ट प्रतिपिंडांच्या अभावी महाभक्षक पेशीत शिरला, तरी पेशी आपली ऑक्सिजनयुक्त मारक रसायने पुरेशी सोडत नाही आणि जिवाणू आत जिवंत राहतो. २०११ मध्ये वाचल्या गेलेल्या त्याच्या जनुकसंचात मेदाम्ले घडवण्याची जनुके नाहीत, अनेक अमिनो आम्ले घडवण्याचीही नाहीत; जे यजमानाकडून आयते मिळते ते बनवण्याची यंत्रणा त्याने मोडीत काढली आहे. या रोगात डुकराच्या कातडीवर उठणारे चौकटी आकाराचे लालजांभळे चट्टे हे त्वचेतील बारीक रक्तवाहिन्यांत जिवाणू अडकल्याचे आणि त्या तुंबल्याचे बाहेरून दिसणारे चिन्ह आहे.

रक्तातील निभाव प्रयोगशाळेत मोजला कसा जातो, याविषयी येथे दोन शब्द आवश्यक आहेत, कारण वर सांगितलेली पुष्कळ माहिती एकाच पद्धतीतून आली आहे. पिल्लाचे रक्त काढून ते गोठू नये म्हणून त्यात हेपॅरिन घालतात, ठरावीक संख्येने जिवाणू मिसळतात, नळी ३७ अंशांवर दोन तास फिरवत ठेवतात, आणि आरंभीच्या व शेवटच्या जिवंत जिवाणूंची संख्या आगरवरील वसाहती मोजून ताडतात. गुणोत्तर एकाहून अधिक आले तर जिवाणू वाढला, कमी आले तर मारला गेला. पद्धत सोपी आहे, पिल्लांचे प्राण वाचवणारी आहे, आणि वेगवेगळ्या वयांच्या पिल्लांची तुलना तीत चांगली करता येते. पण नळीतल्या रक्ताला फुप्फुस नसते, प्लीहा नसते, वाहिनीचे अस्तर नसते. त्या दोन तासांत न्यूट्रोफिल, प्रतिपिंडे आणि पूरक प्रथिने यांची परीक्षा होते. ठाण मांडून बसलेल्या महाभक्षक पेशी, ज्यांच्यावर डुकराच्या रक्ताच्या शुद्धीचा मोठा भार आहे, त्या परीक्षेत बसलेल्याच नसतात. ‘डुकराच्या रक्तात टिकतो’ असे विधान वाचताना ते नळीतील रक्त आहे की वाहते रक्त, हे विचारून घ्यावे.

ठाणेदार पेशी नाहीशा झाल्या तर काय होते, याचे उत्तर एका विषाणूने दिले आहे. डुकरांतील प्रजनन व श्वसन विकार, म्हणजे पीआरआरएस, हा रोग १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत आणि लगेच पुढे युरोपात पसरला. त्याचा विषाणू १९९१ मध्ये लेलिस्टाट येथेच ओळखला गेला. हा विषाणू महाभक्षक पेशींतच वाढतो आणि त्यांना मारतो, त्यात फुप्फुसवाहिन्यांतील पेशीही आल्या. आयोवा येथील संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात विषाणूबाधित डुकरांच्या शिरेत तांब्याचे सूक्ष्म कण सोडले आणि फुप्फुसाने किती उचलले ते पाहिले. घातक वाणाने बाधलेल्या डुकरांत ही उचल घटलेली होती. ज्या कळपात हा विषाणू फिरत असतो तेथे स्ट्रेप्टोकॉकस सुइसचे बळी वाढतात, हा पशुवैद्यांचा अनुभव त्यामुळे उलगडतो. भारतात हा रोग २०१३ मध्ये मिझोराममध्ये प्रथम नोंदवला गेला, आणि देशातील डुकरांचा मोठा हिस्सा ईशान्येकडील राज्यांत असल्यामुळे तेथील वराहपालकांच्या दृष्टीने ही जोडगोळी महत्त्वाची आहे.

विषाणूच्या मागून जिवाणू रक्तात शिरण्याच्या या प्रकाराने एकेकाळी मोठमोठ्या शास्त्रज्ञांना चकवले होते. अमेरिकेत डॅनियल सामन आणि थिओबाल्ड स्मिथ यांना १८८५ च्या सुमारास हॉग कॉलरा झालेल्या डुकरांत एक दंडाणू सातत्याने सापडला आणि तोच रोगाचे कारण ठरवला गेला. साल्मोनेला कॉलरेसुइस या त्याच्या नावात ते निदान अजून टिकून आहे. १९०३ मध्ये डी श्वायनिट्झ आणि डॉर्सेट यांनी जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळलेला द्रवही रोग करतो हे दाखवले, तेव्हा खरा कर्ता विषाणू असल्याचे कळले. तरीही तो दंडाणू निर्दोष ठरला नाही: महाभक्षक पेशींत वाढून तो स्वतंत्रपणेही डुकरांत सेप्टिसीमिया घडवतो.

डुकराच्या रक्तात तगलेला स्ट्रेप्टोकॉकस सुइस माणसात येतो तो बहुधा हातावरच्या जखमेतून किंवा ताटातून. माणसातील पहिले रुग्ण १९६८ मध्ये डेन्मार्कमध्ये नोंदले गेले. चीनच्या सिचुआन प्रांतात २००५ च्या उन्हाळ्यात २१५ जणांना बाधा झाली आणि त्यांतील सुमारे १८ टक्के दगावले. ते बहुतांशी घरगुती पाळीतील आजारी वा मेलेली डुकरे कापणारे शेतकरी होते. व्हिएतनाममध्ये प्रौढांतील जिवाणुजन्य मस्तिष्कावरणदाहाचे हा जिवाणू एक प्रमुख कारण आहे, बरे झालेल्यांपैकी अनेकांची श्रवणशक्ती जाते, आणि डुकराच्या कच्च्या रक्ताचा ‘तिएत कान’ हा पदार्थ खाणे तेथील अभ्यासात धोक्याचे कारण म्हणून पुढे आले आहे. गोव्यातील सोरपोतेलमध्येही डुकराचे रक्त परंपरेने पडते, पण ते शिजवून. शिजण्याच्या उष्णतेपुढे संपुटाचा काही इलाज चालत नाही. माणसाची एम प्रतिपिंडे कापता येत नसतानाही हा जिवाणू माणसाच्या रक्तात तगतो, यावरून ते विकर त्याच्या अनेक साधनांपैकी एक आहे, अपरिहार्य नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

लसीचा प्रश्न या साऱ्यातून अवघड होऊन बसला आहे. एखाद्या कळपातील वाण मारून त्याच कळपासाठी केलेली लस त्या प्रकारापुरतीच चालते, कारण संपुटे वेगवेगळी आहेत. एम प्रतिपिंड तोडणारे विकर मात्र जवळपास सर्व प्रकारांत असल्यामुळे तेच लस म्हणून वापरण्याचा प्रयत्न झाला, आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्याने पिल्लांना प्रकार २ च्या बाधेपासून वाचवले. राहतो तो वेळेचा पेच. दूध पिणाऱ्या पिल्लाला लस टोचली तर आईकडून आलेली प्रतिपिंडेच तिला निष्प्रभ करतात. आईला विण्यापूर्वी टोचली तर पिल्लाला चिकातून संरक्षण मिळते, पण ते उसने असते. मारलेल्या जिवाणूंच्या लसीवरील २०१० च्या जर्मन प्रयोगात लस दिलेल्या माद्यांची पिल्ले सहाव्या आठवड्यात बाधेला पुरून उरली. आठव्या आठवड्यात ते संरक्षण उरले नव्हते, आणि रोगाचा भर त्यानंतरही दोन आठवडे चालू असतो.